महागाई पाव टक्का आणि कांदा साडेनऊशे : हे आकडे वाचायचे कसे?

चाळ_आणि_चूल | १३ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी चांदवड तालुक्यातली. घरची सहा एकर, त्यात अडीच एकर उन्हाळ कांदा. लग्न होऊन आले तेव्हापासून घरचा जमाखर्च माझ्याकडे आहे. वहीत डावीकडच्या पानावर विकलेलं, उजवीकडच्या पानावर घेतलेलं.

काल संध्याकाळी बातम्यांत सांगितलं की ऑक्टोबरची किरकोळ महागाई ०.२५ टक्के, म्हणजे पाव टक्का. ही मालिका सुरू झाल्यापासून एवढी कमी कधी नव्हती म्हणे. सासरे खाटेवर बसून ऐकत होते. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि मला विचारलं, "मग तेलाची पिशवी का वाढली?" मला काही सांगता येईना, म्हणून इथे लिहितेय.

वही काढून बसले. गेल्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही ४,२०० रुपये क्विंटलने कांदा दिला होता. यंदा मे महिन्यात ११५० ला मागत होते तेव्हा दिला नाही, पावसाळ्यानंतर भाव येईल म्हणून चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या मांडवात, भरला. परवा पिकअप नेली. २१ क्विंटल ६० किलो, भाव ९५०. हमाली, तोलाई, वाराई कापून पट्टी (विक्रीची पावती) आली, गाडीभाडं दिलं आणि हातात जेमतेम १८ हजार राहिले. चाळीत जो सडला आणि वजनाला घटला त्याचा हिशोब वेगळाच. भरताना ३०० क्विंटल होता, निघताना २०० निघाला तरी देव पावला म्हणायचं.

उजवीकडच्या पानावर सोयाबीन तेलाची पिशवी १२५ वरून १४५. शाळेच्या रिक्षाचे महिन्याला १०० वाढले. लाल कांद्याच्या लागवडीचा ठेका एकरी १३ हजार, मागच्या साली ११ होता. खताचं तर बोलायलाच नको.

मग हा पाव टक्का कुणाच्या घरातला? आणि मनात येतं ते सरळच विचारते : आमचा भाव पडला म्हणूनच तर देशाची महागाई कमी झाली नाही ना? तसं असेल तर ही बातमी ऐकून टाळी कुणी वाजवायची? उद्या बिहारचा निकाल, इकडे नगरपरिषदेचे अर्ज भरणं चालू. प्रत्येक भाषणात हा पाव टक्का येणार. निदान तो ऐकताना आपल्याला काय ऐकवताहेत एवढं तरी कळावं. मी बी.ए. आहे, पण अर्थशास्त्र बारावीपर्यंतच.

---

बांधावरून | १३ नोव्हेंबर २०२५, रात्री ११.०५

ताई, सोपं आहे. कांदा महागला की ती महागाई, स्वस्त झाला की ते सुशासन. आमच्याकडे येवल्यात काल ८०० पासून बोली सुरू झाली. बाकी जाणकार सांगतीलच.

---

निवृत्त_डाकवाला | १४ नोव्हेंबर २०२५, सकाळी ६.५०

ताई, तुमचा प्रश्न रात्री वाचला आणि झोप लागेना, कारण यातलं थोडं मी स्वतः केलेलं आहे. मी खेड्यात शाखा डाकपाल होतो. २०११ साली ग्रामीण आणि शहरी भागाचा मिळून ग्राहक किंमत निर्देशांक सुरू झाला (किरकोळ महागाईचा आकडा त्यातूनच निघतो), तेव्हा निवडलेल्या गावांतले भाव टिपायचं काम पोस्टाकडे आलं. आमचं गाव त्यात होतं. गावाचं नाव सांगणार नाही, ते तेव्हाही सांगायचं नसायचं.

ठरलेल्या दिवशी ठरलेल्या दुकानात जायचं. तेच दुकान, तीच वस्तू, तोच दर्जा. दुकानदार फळीवर लिहितो तो भाव घ्यायचा नाही, गिऱ्हाईक खरोखर देतं तो घ्यायचा. पहिले दोन महिने दुकानदाराच्या बायकोला वाटायचं मी आयकरवाल्यांचा माणूस आहे. एकदा पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा हातात घेतला तर हलका लागला. पोस्टात आणून पार्सलच्या काट्यावर ठेवला. किंमत तीच, आत बिस्किटं कमी. म्हणजे महागाई झाली की नाही? झाली, म्हणून वजन लिहावं लागे. लोक म्हणतात आकडे एसीत बसून बनवतात. काही बनत असतील. पण तळाशी असा एखादा माणूस काटा घेऊन उभा असतो, हेही ध्यानात ठेवा. (आता ते काम सांख्यिकी खात्याची माणसं करतात.)

आता तुमच्या पाव टक्क्याकडे येतो. तो या ऑक्टोबरची मागच्या ऑक्टोबरशी तुलना करतो. मागचा ऑक्टोबर कसा होता? महागाई ६.२१ टक्के आणि नुसता भाजीपाला ४२ टक्के चढलेला. तुमचे ४,२०० त्यातलेच. यंदा भाजीपाला सत्तावीस-साडेसत्तावीस टक्क्यांनी उतरला. करा हिशोब. २०२३ च्या ऑक्टोबरात भाजीची पिशवी १०० रुपयांची धरली, तर २०२४ ला ती १४२ ची झाली आणि यंदा १०३ ची. म्हणजे दोन वर्षांपूर्वी होती तिथेच आली, वर तीन रुपये. एकूण महागाईचंही असंच करून पाहा : १०० चे मागच्या वर्षी १०६ रुपये २१ पैसे झाले, यंदा साधारण १०६ रुपये ४८ पैसे. महागाई कमी झाली म्हणजे भाव उतरले असं नाही. मागच्या वर्षी चढून बसले, ते आणखी चढले नाहीत, एवढंच. सासऱ्यांची तेलाची पिशवी तर यंदा चढलीच. भाजी खाली गेली, तेल वर गेलं, बेरीज पाव टक्का.

उलटा खेळही होतो. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने धुमाकूळ घातला, महागाई ७.४४ टक्के. पुढच्या जुलैत तीच साडेतीनवर आली आणि सगळीकडे हायसं वाटलं. खरं तर भाजी त्या चढलेल्या भावावर आणखी पावणेसात टक्के महाग झाली होती! पण आदल्या साली ती ३७ टक्के चढली होती, म्हणून पावणेसात किरकोळ दिसले. तेव्हा कुणी टक्का सांगितला की पहिलं विचारायचं, मागच्या साली याच महिन्यात काय होतं.

दुसरं वजनाचं. २०१२ पायाभूत वर्ष (ज्या सालचे भाव १०० धरतात ते) असलेल्या या निर्देशांकात खाण्यापिण्याला ४५.८६ टक्के वजन आहे, नुसतं ग्रामीण धरलं तर ५४.१८. ही वजनं २०११-१२ साली लोक कशावर किती खर्च करत होते त्यावरून बेतलेली. मधे २०१७-१८ ला नवी पाहणी झाली होती, पण २०१९ च्या नोव्हेंबरात सरकारने तिचे निष्कर्षच रद्द केले. माहितीचा दर्जा बरोबर नाही, असं कारण दिलं. पुढची पाहणी २०२२-२३ ची, तिच्यात खेड्यातल्या घराचा खाण्यावरचा खर्च ४६ टक्क्यांवर आलेला दिसतो. म्हणजे जुन्या वजनाच्या काट्यात खाण्याचं पारडं गरजेपेक्षा जड आहे. भाजी पडली की आकडा जरुरीपेक्षा खाली जातो, चढली की जरुरीपेक्षा वर. २०२६ च्या फेब्रुवारीत २०२४ पायाभूत वर्ष धरून नवी मालिका येणार असं जाहीर झालं आहे, तेव्हा बघू.

आणि ताई, तुमची चाळ या काट्यावर नाहीच. हा ग्राहकाचा निर्देशांक. तुम्ही कांदा विकत घेतला तर त्यात आहात, विकला तर नाही. खत नाही, लागवडीचा ठेका नाही, पिकअपचं भाडं नाही. उजव्या पानातलं तेल आहे, शाळेची रिक्षा आहे. डावं पान अख्खं बाहेर.

पण एक गंमत सांगतो. साऱ्या टोपलीत कांद्याचं वजन किती? ०.६४ टक्का. शंभर रुपयांत चौसष्ट पैसे. म्हणजे एकट्या तुमच्या कांद्याने देशाची महागाई उतरली नाही, सगळी भाजी आणि डाळीही उतरल्या. तरी सरकार कोणतंही असो, कांद्याला जेवढं घाबरतं तेवढं शाळेच्या फीला घाबरत नाही. १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्ली गेली, त्यात कांदा होता. त्यानंतर दिल्लीत बसणारा प्रत्येक जण हे चौसष्ट पैसे मोजत असतो.

---

कोथरूडचा_हप्तेवाला | १४ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.१५

डाकवाले काका, पार्सलच्या काट्यावर बिस्किटाचा पुडा, हे मी ऑफिसात चार जणांना सांगितलं.

ताई, एक कबुली देतो. टाळी कुणी वाजवायची असं तुम्ही विचारलंत ना, मी वाजवायची. रिझर्व्ह बँकेला महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, २ ते ६ च्या आत ठेवायची जबाबदारी दिलेली आहे. यंदा महागाई खाली आली म्हणून फेब्रुवारी ते जून त्यांनी रेपो दर (ज्या व्याजाने ती बँकांना पैसे देते तो) साडेसहावरून साडेपाचवर आणला. माझं तीस लाखांचं गृहकर्ज, वीस वर्षांचं. महिन्याचा हप्ता साधारण १,८५० रुपयांनी उतरला. तुमचा भाव पडला त्यातला काही वाटा फिरून फिरून माझ्या खात्यात आला. हे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण आहे ते असं आहे.

आता राजकारण. इथे मी काकांशी थोडा भांडणार आहे. '१९९८ ला कांद्याने दिल्ली घालवली' हे वाक्य आपण सगळेच फेकतो, पण आकड्यावरून मत ओळखायला गेलं की तोंडघशी पडतो. २००३-०४ ला विकासदर आठ टक्क्यांच्या घरात, 'इंडिया शायनिंग'चे फलक लागलेले, आणि २००४ ला वाजपेयी सरकार गेलं. २०१९ ला उलटं. बेरोजगारी ६.१ टक्के, पंचेचाळीस वर्षांतली सर्वाधिक, असा अहवाल जानेवारीतच फुटला. तो अडवून ठेवला म्हणून सांख्यिकी आयोगातल्या पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. अहवाल अधिकृत बाहेर आला ३१ मे रोजी, निकाल लागून नवं मंत्रिमंडळ शपथ घेऊन झाल्यावर. मधल्या काळात भाजपला ३०३ जागा मिळाल्या. आज बिहारचा निकाल लागला. बघा, उद्या कुणीतरी लिहीलच की पाव टक्क्याने जिंकवलं. मतदान ६ आणि ११ तारखेला, पाव टक्का जाहीर झाला १२ ला! मतदार ज्योतिषी होते म्हणायचं.

मी आकडा मतदाराकडे बघण्यासाठी वाचत नाही, सरकारकडे बघण्यासाठी वाचतो. पेट्रोल-डिझेलचे दर नोव्हेंबर २०२१ पासून साडेचार महिने हलले नाहीत. उत्तर प्रदेशासह पाच राज्यांचा निकाल १० मार्च २०२२ ला लागला आणि २२ मार्चपासून जवळजवळ रोज वाढू लागले. २०२४ ला ८ मार्चला सिलिंडर १०० रुपयांनी उतरवल्याची घोषणा, १५ मार्चला पेट्रोल दोन रुपयांनी, १६ मार्चला आचारसंहिता. दर कधी हलतात आणि कधी हलत नाहीत, त्या तारखा निवडणुकीच्या कॅलेंडरशेजारी ठेवल्या तर बऱ्याच भाषणांपेक्षा जास्त कळतं.

विकासदराचंही एक उदाहरण देऊन थांबतो. २९ फेब्रुवारी २०२४ ला ऑक्टोबर-डिसेंबर तिमाहीचा विकासदर ८.४ टक्के जाहीर झाला. सगळीकडे मथळा तोच. त्याच कागदावर खाली सकल मूल्यवर्धन ६.५ टक्के होतं. म्हणजे शेत, कारखाना, दुकान यांनी प्रत्यक्षात घातलेली भर साडेसहाच्या वेगाची. वरचा फरक करांमधून अनुदान वजा केल्यावर उरतं त्याचा. त्या तिमाहीत अनुदान बरंच घटलं होतं, म्हणून ८.४ उजळला. खोटं काही नाही. पण मथळ्यासाठी कोणता आकडा उचलायचा, हे कुणीतरी ठरवतंच.

---

चाळ_आणि_चूल | १५ नोव्हेंबर २०२५, दुपारी १.२०

काका, दादा, दोघांचेही आभार. सासऱ्यांना १००–१४२–१०३ वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. म्हणाले, "हे असं टीव्हीवर का नाही सांगत?" हप्त्याचं वाचून दाखवलं तर हसले. "त्याला सांग, एक गोणी कांदा घेऊन जा म्हणाव, त्याचाच आहे." दादा, राग मानू नका, त्यांचा स्वभावच तसा.

पण दादा, आकड्याचा आणि मताचा संबंध नाही हे मला पटत नाही. ७ डिसेंबर २०२३ ला रात्री निर्यातबंदी आली. ८ ला सकाळी आमची गाडी बाजार समितीच्या आवारात होती. लिलाव बंद पडले, लोक उठून महामार्गावर गेले, आमच्या चांदवडलाच रास्ता रोको झाला. गाडी भरलेलीच परत आणली आणि चार दिवसांनी जवळजवळ अर्ध्या भावात दिली. वहीत त्या ओळीखाली यांनी लाल पेनने रेघ मारली आहे, अजून दिसते. एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टनांची परवानगी मिळाली, ती बातमी तर आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत चघळली गेली. मग ४ मे ला बंदी उठवली, पण टनाला साडेपाचशे डॉलरचं किमान निर्यात मूल्य (त्याहून स्वस्त बाहेर पाठवायचा नाही) आणि ४० टक्के शुल्क लावूनच. २० मे ला आम्ही मतदान केलं. दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारतीताई पवार पडल्या, भास्कर भगरे निवडून आले. सत्ताधाऱ्यांच्या हातून नाशिक गेलं, धुळं गेलं. त्याला काय म्हणायचं?

---

कोथरूडचा_हप्तेवाला | १५ नोव्हेंबर २०२५, दुपारी ४.४०

गोणी मंजूर! पैसे देऊन नेणार.

दिंडोरीत कांदा होता, मान्य. पण मग सहा महिन्यांनी नोव्हेंबर २०२४ ला काय झालं? आदल्याच महिन्याची महागाई सहाच्या वर, खाद्यपदार्थ जवळपास ११ टक्के महाग, आणि महायुतीला २८८ पैकी २३० जागा. मेमध्ये मराठा आरक्षण होतं, फुटलेल्या पक्षांबद्दलची सहानुभूती होती, उमेदवार होते. एकटा कांदा कसा धरायचा?

---

निवृत्त_डाकवाला | १५ नोव्हेंबर २०२५, रात्री ८.३०

दोघंही एकच आकडा दोन टोकांनी धरून ओढताय.

ऑक्टोबर २०२४ ला खाद्यपदार्थ जवळपास ११ टक्के महाग होते, ते कोथरूडला. चांदवडला तोच आकडा ४,२०० रुपये होता! सप्टेंबरातच किमान निर्यात मूल्य काढलं होतं आणि शुल्क ४० वरून २० वर आणलं होतं. म्हणजे मे महिन्यातली चूक कळली होती. पुढच्याच महिन्यात शहरासाठी लासलगावहून रेल्वेची अख्खी गाडी भरून १,६०० टन कांदा दिल्लीला धाडला, 'कांदा एक्सप्रेस', ३५ रुपये किलोने विकायला. एका हाताने निर्यात मोकळी आणि दुसऱ्या हाताने शहराला स्वस्त कांदा. वर ऑगस्टपासून बायांच्या खात्यात महिन्याला १५०० यायला लागलेले. माझ्या सुनेने पहिल्या हप्त्यातून कुकर घेतला. तिला महागाईचा टक्का विचारला असता तर तिने कुकरची किंमत सांगितली असती.

देशाचा एक आकडा आणि एका मतदारसंघाचं मत, ही जोडी जुळणारच नाही. देशाच्या आकड्यात विकणारा नसतो, मतदान केंद्रावर मात्र तो रांगेत असतो. नाशिक जिल्ह्यात विकणारे जास्त, पुण्या-मुंबईत घेणारे. तुम्ही वहीच्या एका पानावर बोट ठेवलं आहे, ताईंनी दुसऱ्या.

ताई, तुमच्यासाठी उपयोगाचं एक सांगतो. दर महिन्याच्या साधारण १२ तारखेला दुपारी ४ वाजता आकडा येतो. मथळा सोडा, आत गटवार तक्ता असतो. त्यात तीनच ओळी बघा : भाजीपाला, तेल, शिक्षण. आणि मागच्या वर्षी त्याच महिन्यात त्या ओळींत काय होतं ते शेजारी लिहा. भाजीपाला सलग दोन-तीन महिने वीसच्या वर चढलेला दिसला आणि जवळ कुठे मोठी निवडणूक असली, तर तुमच्या मालावर काहीतरी येणार असं समजून चला. शुल्क, बंदी, साठामर्यादा, नाहीतर नाफेडचा (सरकारसाठी कांदा खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थेचा) साठा बाजारात. ऑगस्ट २०२३ चं ४० टक्के शुल्क त्या ७.४४ नंतर बरोबर पाच दिवसांनी आलं होतं. १४ ऑगस्टला आकडा, १९ ला शुल्क.

---

बांधावरून | १५ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.०२

पाच दिवस?? काका, हे आधी का नाही सांगितलं, मी २२ ला गाडी नेली होती.

---

चाळ_आणि_चूल | १६ नोव्हेंबर २०२५, पहाटे ५.४५

वहीत तिसरं पान पाडलं. भाजीपाला, तेल, शिक्षण, आणि चौथा रकाना माझ्या मनाने घातला, आमचा भाव. पहिली ओळ ऑक्टोबर २०२५ : भाजी उणे २७, आम्ही ९५०. शेजारी मागच्या सालचं : भाजी ४२, आम्ही ४,२००. सासरे म्हणतात अजून एक रकाना काढ, निवडणूक. तो रिकामा ठेवलाय.

आता चाळीचा शेवटचा कप्पा उघडायचा आहे, मजूर येतील. वास आत्तापासूनच येतोय.